कॉमा हा धुरा, कोट हे कुंपण: सीएसव्ही फाइलमधली नको असलेली अवतरणचिन्हं

आमच्या शेतकरी गटाची तूर विकली गेली की सभासदांच्या खात्यात पैसे टाकायचं काम माझ्याकडे येतं. गाव यवतमाळ जिल्ह्यातलं, केळापूर तालुक्यातलं. पूर्वी सचिवकाका एकेकाचा चेक हातानं लिहायचे. आता बँकेच्या पोर्टलवर एकच यादी चढवायची असते आणि ती सीएसव्ही फाइलमध्ये द्यावी लागते. म्हणून मी पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेत एक छोटा प्रोग्राम लिहिला. गटाच्या हिशोबातून सभासद क्रमांक, गाव, रक्कम आणि माल एवढं उचलायचं आणि फाइल तयार करायची.

पहिल्याच खेपेला पोर्टलनं फाइल परत पाठवली. रकमेच्या रकान्यात चूक आहे, एवढंच सांगितलं. फाइल नोटपॅडमध्ये उघडली तर असं दिसलं:

१४,पाटणबोरी,"१,२५,०००",तूर
१५,पाटणबोरी,८५०,तूर
१६,रुंझा,"४२,३००",तूर

(प्रत्यक्ष फाइलमध्ये अंक इंग्रजी होते. इथे वाचायला सोपं जावं म्हणून देवनागरीत लिहिले आहेत.)

मी कोडमध्ये कुठेही ती अवतरणचिन्हं लिहिली नव्हती. शिवाय काही ओळींत ती होती आणि काहींत नव्हती. मला वाटलं, हा कचरा आहे. नोटपॅडमधली 'रिप्लेस ऑल' वापरली, सगळे डबल कोट काढून टाकले आणि फाइल सेव्ह केली. चढवण्याआधी सचिवकाकांना एकदा दाखवायची आमची पद्धत आहे. त्यांनी चष्मा वर केला, स्क्रीनवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "हे पाय बरं पोरा. सव्वा लाखाचा एक रुपया दाखवून राह्यला हा."

खरंच तसं झालं होतं. कोट निघाल्यावर १४ नंबरची ओळ अशी उरली होती:

१४,पाटणबोरी,१,२५,०००,तूर

तिसरा रकाना रकमेचा. त्यात आता फक्त १ होता. २५ चौथ्या रकान्यात गेला, ००० पाचव्यात, आणि तूर सहाव्यात ढकलली गेली. ८५० रुपयांची ओळ मात्र जशीच्या तशी बरोबर होती, त्यामुळे वरवर पाहिलं असतं तर लक्षातही आलं नसतं. वर्षभर राबून पिकवलेल्या तुरीचे पैसे आहेत ते. त्या दिवसापासून सीएसव्हीतले कोट दिसले की मी ते पुसायला धावत नाही. ते कुणी घातले आणि कशासाठी घातले, हे आधी पाहतो. या लेखात तेच सांगायचं आहे.

धुरा आणि कुंपण

सीएसव्ही म्हणजे कॉमानं वेगळी केलेली मूल्यं. एक्सेलच्या फाइलमध्ये रंग, फॉन्ट, सूत्रं असं पुष्कळ काही असतं. सीएसव्हीत नुसता मजकूर असतो. एक ओळ म्हणजे एक नोंद आणि ओळीतला प्रत्येक कॉमा म्हणजे दोन रकान्यांमधली हद्द. संगणकाच्या भाषेत रकान्याला फील्ड म्हणतात आणि फील्ड म्हणजे शेतच. मग कॉमा हा दोन शेतांमधला धुरा झाला. धुरा कुठे आहे हे ठरलेलं असलं की कुणाचं शेत कुठे संपतं हे सांगावं लागत नाही.

अडचण येते ती शेताच्या आतच धुऱ्यासारखं काही आलं की. आपल्याकडे ते पदोपदी येतं. तुरीचा २०२५-२६ चा हमीभाव आपण क्विंटलला ८,००० रुपये असा लिहितो, लांब धाग्याच्या कापसाचा ८,११० असा लिहितो. लाखाच्या रकमेत तर दोन कॉमे येतात. पत्ता घ्या: 'मु. पो. पाटणबोरी, ता. केळापूर, जि. यवतमाळ'. हा एकच रकाना आहे, पण त्यात दोन कॉमे आहेत. वाचणाऱ्या प्रोग्रामला यातला धुरा कुठला आणि मजकुरातला कॉमा कुठला, हे कसं कळणार?

त्यासाठी असं ठरलं की ज्या रकान्यात कॉमा आहे त्याच्या दोन्ही बाजूंना डबल कोट लावायचे. कोट हे कुंपण. कुंपणाच्या आतला कॉमा हा नुसता कॉमा आणि बाहेरचा तो धुरा. वाचणारा प्रोग्राम आतला मजकूर उचलतो आणि कुंपण बाहेरच सोडून देतो. म्हणून एक्सेलमध्ये तीच फाइल उघडली की कोट दिसत नाहीत. नोटपॅड मात्र फाइल आहे तशी दाखवतं, म्हणून तिथे ते दिसतात.

हा नियम २००५ साली आरएफसी ४१८० या दस्तऐवजात लिहून काढला गेला (आरएफसी ही इंटरनेटविषयीच्या तांत्रिक दस्तऐवजांची मालिका). सीएसव्ही त्याच्या कितीतरी आधीपासून वापरात होती. पायथनमध्ये सीएसव्हीसाठीचं मॉड्यूल, म्हणजे तयार कोडचा संच, २००३ सालीच आलं होतं. म्हणजे आधी वापर रूढ झाला आणि नियम मागून लिहिला गेला, त्यामुळे वेगवेगळे प्रोग्राम अजूनही थोडेफार वेगळे वागतात. आरएफसीत तीन गोष्टींसाठी कुंपण सांगितलं आहे: रकान्यात कॉमा असेल तर, डबल कोट असेल तर, किंवा मजकूर मध्येच तुटून खालच्या ओळीवर जात असेल तर. बाकीच्या रकान्यांना कुंपण घातलं तरी चालतं, नाही घातलं तरी चालतं. कापूस आणि "कापूस" या दोन्हींचा अर्थ वाचणाऱ्यासाठी एकच.

यातली दुसरी गोष्ट थोडी नाजूक आहे. मजकुरातच डबल कोट असेल तर काय? आमच्या गटात स्प्रिंकलरचे पाइप एकत्र खरेदी केले जातात आणि दुकानदार बिलावर इंच लिहायला तेच चिन्ह वापरतो: पाइप २.५". हे जसंच्या तसं कुंपणात घातलं तर वाचणाऱ्याला इंचाच्या खुणेपाशीच कुंपण संपलं असं वाटेल. म्हणून आतला प्रत्येक कोट दोनदा लिहायचा. मग ओळ अशी होते:

१४,"मु. पो. पाटणबोरी, ता. केळापूर, जि. यवतमाळ","पाइप २.५""","१,२५,०००"

पाइपाच्या शेवटी तीन कोट एकापुढे एक दिसतात. पहिले दोन मिळून इंचाची एक खूण आणि तिसरा कुंपणाचा. बघायला विचित्र वाटतं, पण हे अगदी बरोबर आहे. याच ओळीतले सगळे कोट काढून कॉम्यावर तोडून पाहा. चार रकान्यांचे आठ होतात.

रक्कम म्हणजे संख्या

आता माझ्या फाइलकडे परत येतो. पायथनच्या सीएसव्ही मॉड्यूलची मूळ सवय 'क्वोट_मिनिमल' अशी आहे, म्हणजे गरज असेल तिथेच कुंपण. (कोड लिहिताना ही सगळी नावं इंग्रजी अक्षरांत टाइप करायची.) ८५० मध्ये कॉमा नाही, म्हणून कोट नाही. १,२५,००० मध्ये आहे, म्हणून कोट आले. काही ओळींत आहे आणि काहींत नाही याचं कोडं एवढंच होतं.

रकमेत कॉमा मीच घातला होता. पावती छापताना रक्कम लाख-हजारात नीट दिसावी म्हणून मी एक फंक्शन लिहिलं होतं आणि तेच फंक्शन फाइल बनवतानाही वापरलं होतं. पोर्टलला हवी होती निव्वळ संख्या: १२५०००. मी फंक्शनची ती ओळ काढली आणि कॉमा गेला. कॉमा गेला तसा कोटही आपोआप गेला, कारण कुंपण घालायचं कारणच उरलं नाही.

माझ्या मते हा पहिला उपाय, आणि बहुतेक वेळा पुरेसा. फाइलमध्ये संख्या संख्येसारखीच जावी. कॉमा, रुपयाचं चिन्ह, '/-' हे सगळं माणसाला दाखवण्यासाठी आहे. ते पावतीवर, स्क्रीनवर शोभतं. एका मशीनकडून दुसऱ्या मशीनकडे जाणाऱ्या फाइलमध्ये त्याचं काम नाही.

एक अपवाद आहे. बँक खात्याचा नंबर दिसतो अंकांचा, पण तो संख्या नाही. त्याची बेरीज कुणी करत नाही आणि त्याच्या सुरुवातीला शून्य असू शकतं. त्याला संख्येत बदललं की सुरुवातीचं शून्य उडतं. खाते नंबर, आयएफएससी कोड, मोबाइल नंबर हे कोडमध्ये मजकूर म्हणूनच सांभाळा.

कोट नक्की कुठून येतात

आता त्या ठिकाणांकडे वळू, जिथे खरोखर चूक झालेली असते आणि कोट त्या चुकीचा पुरावा म्हणून उमटतात. माझ्याकडे सल्ल्याला येणाऱ्या मुलांच्या कोडमध्ये हीच दोन-चार कारणं फिरून फिरून सापडतात.

सगळ्यात जास्त दिसतं ते असं. कोड लिहिणारा आधी स्वतःच रकाने कॉम्यानं जोडून एक लांबलचक ओळ तयार करतो आणि मग ती ओळ लेखकाच्या, म्हणजे मॉड्यूलमधल्या फाइल लिहिणाऱ्या 'रायटर'च्या, हाती देतो:

ओळ = "१४,पाटणबोरी,८५०,तूर"
लेखक.राइटरो([ओळ])

राइटरो म्हणजे रायटरला दिलेला 'एक ओळ लिही' हा आदेश. त्याला रकान्यांची यादी लागते. इथे यादीत एकच वस्तू आहे, म्हणून ते समजतं की हा एकच रकाना आहे आणि त्यात कॉमे आहेत. मग ते इमानेइतबारे सगळ्या ओळीभोवती कुंपण घालतं:

"१४,पाटणबोरी,८५०,तूर"

एक्सेलमध्ये उघडलं की सगळा मजकूर पहिल्या रकान्यात कोंबलेला दिसतो. असं दिसलं की समजायचं, धुरे आपण स्वतः घातले आणि मग अख्खी वाडी एकाच कुंपणात बंद केली. उपाय म्हणजे ओळ जोडायचीच नाही. राइटरोला चार वेगळे रकाने द्यायचे:

लेखक.राइटरो(["१४", "पाटणबोरी", "८५०", "तूर"])

याच चुकीचा दुसरा प्रकार पहिल्यांदा पाहणाऱ्याला गोंधळवतो. चौकटी कंस विसरले आणि नुसती ओळ दिली, तर पायथन त्या ओळीतल्या एकेका अक्षराला रकाना समजतं. मराठीत तर ते आणखी विचित्र दिसतं, कारण युनिकोडमध्ये, म्हणजे संगणक ज्या पद्धतीनं अक्षरं साठवतो तीत, काना-मात्रा स्वतंत्र असतात. 'कापूस' हा शब्द मग पाच रकान्यांत फुटतो: क, मग एकटा काना, मग प, मग एकटा दीर्घ उकार, मग स. मजकुरात जिथे कॉमा असेल तिथे "," असा कोटातला कॉमाही रकाना होऊन बसतो. फाइलभर एकाआड एक कॉमे आणि तुटलेल्या वेलांट्या दिसल्या की दुसरीकडे शोधायची गरज नाही.

पुढचं कारण वाचण्याच्या बाजूचं आहे आणि मला ते सगळ्यात घातक वाटतं, कारण ते हळूहळू वाढतं. एका फाइलमधून वाचून दुसरी फाइल लिहायची असते. वाचताना सीएसव्ही वाचकाऐवजी साध्या 'स्प्लिट'नं कॉम्यावर ओळ तोडली जाते. स्प्लिटला कुंपण म्हणजे काय ते माहीत नाही. मूळ फाइलमध्ये "कापूस" असेल तर कोटही मजकुराचा भाग म्हणून हातात येतात. आता लिहिताना लेखक पाहतो की मजकुरात कोट आहेत, म्हणून तो आतले दुप्पट करतो आणि बाहेरून कुंपण घालतो:

"""कापूस"""

एका कोटाचे तीन झाले. हीच फाइल पुन्हा स्प्लिटनं वाचून लिहिली की तिनाचे सात होतात, मग पंधरा. दर फेरीला दुप्पट अधिक एक. आमच्या ओळखीच्या एका दुकानाच्या मालयादीत एका पाइपाच्या नावाला दोन्ही बाजूंना पंधरा-पंधरा कोट मी पाहिले आहेत. दर महिन्याला तीच यादी वाचून, थोडी बदलून पुन्हा लिहिली जायची. कोडमध्ये तिथे रिप्लेस करून कोट काढायची सोय केली होती, पण त्यात इंचाच्या खुणाही जात होत्या. खरा उपाय फक्त एकच होता: स्प्लिट काढून मॉड्यूलचा 'रीडर' लावणं. वाचताना कुंपण काढायचं काम रीडरचं, लिहिताना घालायचं काम रायटरचं. दोन्ही बाजूंना एकाच घरातली अवजारं असली की कोट वाढत नाहीत.

'"' + मजकूर + '"' असं करून कुणी आधीच हातानं कोट जोडले आणि नंतर लेखकाकडे दिले, तरी हेच तीन-तीन कोट येतात. लेखक कुंपण घालणारच आहे. आपण वेगळं घालायचं नाही.

मग एक असं कारण, ज्यात कोट तर दिसतात पण गरज का पडली ते डोळ्यांना दिसत नाही. फाइल एकेक ओळ वाचताना ओळीच्या शेवटी असलेलं 'पुढच्या ओळीवर जा' हे अदृश्य चिन्ह शेवटच्या रकान्याला चिकटून येतं. ते तसंच लेखकाकडे गेलं की लेखकाला वाटतं हा दोन ओळींत लिहिलेला मजकूर आहे, मग त्याला कुंपण हवंच:

१५,पाटणबोरी,८५०,"तूर
"

बंद होणारा कोट एकटाच खालच्या ओळीवर दिसला की नक्की हेच झालं आहे. वाचताना 'स्ट्रिप' लावून ते चिन्ह झाडून टाका. एक्सेलच्या खान्यात कुणी ऑल्ट-एंटर दाबून दोन ओळींचा पत्ता लिहिला असेल तर तिथेही असे कोट येतात. मात्र ते खरे आहेत, कारण पत्ता खरोखरच दोन ओळींचा आहे. इथे ठरवायचं तुम्ही: पत्ता एका ओळीत आणायचा की कुंपण राहू द्यायचं.

जाता जाता आणखी एक. फाइल उघडताना पायथनमध्ये 'न्यूलाइन' ही सेटिंग रिकामी ठेवायला सांगितलं जातं, म्हणजे न्यूलाइन=''. ते विसरलं तर विंडोजवर प्रत्येक ओळीनंतर एक रिकामी ओळ दिसते. कोटांशी याचा थेट संबंध नाही, पण लोक दोन्ही तक्रारी एकाच दिवशी घेऊन येतात.

काही वेळा कोट प्रोग्रामच्या स्वभावामुळे येतात. पीएचपी या भाषेतलं 'एफपुटसीएसव्ही' रकान्यात नुसती मोकळी जागा असली तरी कोट घालतं, त्यामुळे 'हळद पावडर' कोटात आणि 'हळद' कोटाविना असं दिसतं. विंडोजच्या जुन्या पॉवरशेलमधलं (आदेश टाइप करून काम करायचं अवजार) 'एक्स्पोर्ट-सीएसव्ही' सगळ्याच रकान्यांना कोट घालतं. पॉवरशेल ७ मध्ये 'यूजकोट्स' हा पर्याय आला, त्यात 'अॅजनीडेड' दिलं की गरजेपुरतेच येतात. जावास्क्रिप्टमध्ये बरेच जण रकान्यांवर 'जेसन.स्ट्रिंगिफाय' चालवून मग कॉम्यानं जोडतात. ते प्रत्येक मजकुराला कोट घालतं हे एक, आणि आतल्या कोटाला दुप्पट करण्याऐवजी त्याच्या आधी बॅकस्लॅश (\) लावतं हे दुसरं. एक्सेलला बॅकस्लॅशची ही खूण कळत नाही. मग २.५" पाशी ओळ फुटते. जेसन हा माहिती लिहायचा वेगळा प्रकार आहे, त्याचं अवजार सीएसव्हीला लावू नये.

पायथनमध्येही सेटिंग बदललेली असू शकते. 'क्वोट_ऑल' असेल तर सगळ्यांना कोट. 'क्वोट_नॉनन्यूमेरिक' असेल तर संख्या सोडून सगळ्यांना. इथे मुलं हमखास अडकतात: रक्कम संख्या दिसते, तरी तिला कोट का? कारण हिशोबाच्या फाइलमधून ती मजकूर म्हणून आलेली असते. तिला 'इंट' किंवा 'फ्लोट' करून संख्या बनवली की कोट जातात. खाते नंबराला मात्र तसं करायचं नाही, ते वर सांगितलंच आहे. पायथन ३.१२ मध्ये आणखी दोन पर्याय आले, 'क्वोट_स्ट्रिंग्ज' आणि 'क्वोट_नॉटनल'. पांडाज या पायथनच्या लायब्ररीतल्या 'टू_सीएसव्ही'लाही 'क्वोटिंग' या नावानं हेच पर्याय देता येतात.

समोरच्याला कोट चालतच नसतील तर

काही जुन्या प्रणाली खरोखरच कुंपण ओळखत नाहीत. त्या फक्त कॉम्यावर तोडतात आणि कोट दिसला की तो मजकुरात धरतात. अशांसाठी फाइल द्यायची असेल तर पहिला उपाय तोच: रकान्यांतले कॉमे काढा. पत्त्यात कॉम्याऐवजी मोकळी जागा किंवा डॅश चालेल का, ते विचारून घ्या. २.५" ऐवजी '२.५ इंच' असं लिहिलं तर वाचणाऱ्या माणसालाही बरं पडतं.

दुसरा उपाय धुराच बदलणं. कॉम्याऐवजी उभी रेघ किंवा टॅब वापरला, तर मजकुरातला कॉमा कुणाला अडत नाही:

१४|मु. पो. पाटणबोरी, ता. केळापूर, जि. यवतमाळ|१२५०००|तूर

पायथनमध्ये 'डिलिमिटर' बदलला की झालं. अर्थात समोरच्या प्रणालीला उभी रेघ कळायला हवी. हे फोनवर विचारून घ्यायचं, आपल्या मनानं ठरवायचं नाही.

तिसरा उपाय 'क्वोट_नन', म्हणजे कोट अजिबात नकोत. हा लावला आणि तरीही एखाद्या रकान्यात कॉमा निघाला तर पायथन फाइल लिहायचं थांबवतं आणि सांगतं की एस्केप करायची, म्हणजे कॉम्याआधी खूण लावून 'हा धुरा नाही' असं सांगायची, गरज आहे पण त्यासाठी चिन्ह दिलेलं नाही. पुष्कळांना ही अडचण वाटते. मला ती राखण वाटते. कुंपण नसलेल्या शेतात धुऱ्यासारखं काही शिरलंय, हे तो ओरडून सांगतो आहे. त्या ओरडण्याला गप्प करायला लोक घाईत 'एस्केपचार' म्हणून बॅकस्लॅश देतात आणि फाइल अशी निघते:

१४,पाटणबोरी,१\,२५\,०००,तूर

समोरच्याला बॅकस्लॅश कळत असेल तर ठीक. नाही तर पुन्हा सव्वा लाखाचा रुपया, आणि सोबत एक बॅकस्लॅश. मी स्वतः क्वोट_नन एस्केपचारशिवाय लावतो आणि तो थांबला की मूळ माहिती दुरुस्त करतो.

लिहून झालेल्या फाइलवर 'रिप्लेस' चालवून कोट पुसणं हा उपाय नाही. एकदा फाइल झाली की कुठला कोट कुंपणाचा आणि कुठला इंचाचा हे नोटपॅडला कळत नाही.

दिसायला कोटासारखे, पण कोट नाहीत

व्हॉट्सअॅपवरून किंवा वर्डमधून मजकूर उचलला की त्यात वाकडे कोट येतात, “ आणि ” असे. सीएसव्हीच्या दृष्टीनं ते साधी अक्षरं आहेत. ते कुंपण होत नाहीत आणि वाचताना गळूनही पडत नाहीत. आमच्या एका सभासदानं फोनवर यादी टाइप करून पाठवली. पत्त्यांना त्यानं मुद्दाम कोट लावले होते, पण फोननं ते वाकडे करून टाकले. सगळे पत्ते फुटले आणि कोट रकान्यांत तसेच राहिले. अशा वेळी वाचण्याआधी वाकड्यांचे सरळ कोट करून घ्यावे लागतात.

धुऱ्याला लागून मोकळी जागा असली तरी घोटाळा होतो. १४, "पाटणबोरी, ता. केळापूर" अशी ओळ असेल तर कॉम्यानंतर आधी जागा आली आणि मग कोट. आरएफसीप्रमाणे जागा हीही रकान्याचा भाग आहे. त्यामुळे कोट रकान्याच्या सुरुवातीला राहत नाही, आणि पायथनचा वाचक त्याला कुंपण मानत नाही. 'स्किपइनिशियलस्पेस' हा पर्याय सुरू केला की ती जागा सोडून वाचतो.

आणि मराठीसाठी खास एक. एक्सेलनं देवनागरी नीट दाखवावी म्हणून आपण फाइल 'यूटीएफ-८-सिग' या अक्षरं साठवायच्या प्रकारात लिहितो. त्यात फाइलच्या अगदी सुरुवातीला एक अदृश्य खूण असते. तीच फाइल नंतर साध्या 'यूटीएफ-८'नं वाचली तर ती खूण पहिल्या शीर्षकाला चिकटते. शीर्षकाला कोट असतील तर कोटाच्या आधी ती खूण आली, म्हणून तो कोट कुंपण ठरत नाही. सगळी शीर्षकं नीट आणि फक्त पहिल्याला कोट चिकटलेले, असं दिसलं की वाचतानाही 'यूटीएफ-८-सिग' लिहा.

लोक एक गोष्ट कोटांकडून मागतात जी त्यांच्या हातात नाही. गट क्रमांक १२/२ एक्सेलमध्ये १२-फेब होतो. सातबाऱ्याचं ७/१२ सुद्धा तारीख होऊन बसतं. मग कुणी सुचवतं की त्याला कोट घाला. कोट घातले तरी एक्सेल थेट फाइल उघडताना तसंच करतं, कारण कुंपण हद्द सांगतं, आत काय पेरलंय ते सांगत नाही. त्यासाठी एक्सेलमध्ये डेटा मेनूतून 'फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही'नं फाइल घ्यायची आणि तो रकाना 'टेक्स्ट' ठरवायचा. हे दुखणं एकट्या आपल्याकडचं नाही. एक्सेल काही जनुकांच्या नावांच्या तारखा करतं म्हणून २०२० साली शास्त्रज्ञांनी त्या जनुकांची नावंच बदलली.

पाठवण्याआधी

त्या पहिल्या खेपेनंतर माझ्या प्रोग्रामच्या शेवटी मी थोडा कोड वाढवला. फाइल लिहून झाली की तोच प्रोग्राम ती सीएसव्ही रीडरनं परत वाचतो. प्रत्येक ओळीत नेमके चार रकाने आहेत का, ते मोजतो. वाचलेल्या ओळी मूळ यादीशी ताडून पाहतो. आणि रकमांची बेरीज स्क्रीनवर दाखवतो. ती बेरीज मी काकांच्या वहीतल्या बेरजेशी लावून घेतो. वही आणि फाइल जुळली तरच पोर्टल उघडायचं. हा सगळा कोड बारा-पंधरा ओळींचा आहे आणि लिहायला मला अर्धा तास लागला.

आता पैशांच्या फाइलमध्ये एकही कोट नसतो, कारण रक्कम निव्वळ संख्या आहे आणि पत्ता त्या फाइलमध्ये जातच नाही. पाइपांच्या यादीत मात्र २.५ इंचाच्या ओळीवर अजून तीन कोट दिसतात. परवा काकांना ते दिसले आणि त्यांनी विचारलं, "हे कायले ठेवले बे?" मी म्हटलं, काका, ही फाइल आपलाच प्रोग्राम वाचतो, त्याला ते लागतात. त्यांनी प्रोग्राममध्ये ती ओळ उघडायला लावली. पाइप २.५" असं नीट दिसल्यावर ते पुढच्या ओळीकडे वळले.